परातीच्या काठावरचं नाव

नमस्कार, मित्रांनो. गोंदियाला रेल्वे लाईनच्या पलीकडे, एका बंद पडलेल्या राईस मिलच्या गोदामात 'आसरा भांडार' नावाचं दुकान आहे. तिथं तुम्ही कधी पोहे खायला आलात, तर काउंटरवर एक जुनी, रुंद, जड पितळी परात दिसेल. पोह्यांवर पांढरं फडकं झाकलेलं असतं आणि बाजूला तर्रीचा गंज, म्हणजे तिखट रश्श्याचं पातेलं, असतो. ती परात म्हणजे मी.

माझ्या काठावर एक नाव होतं. रेणू नावाच्या एका मुलीनं ते स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. आता ते नाही. ज्या पोरीला ते हवं होतं, तिला ते मिळालं नाही. मला सांगायचं आहे ते एवढंच. बाकी परातीच्या आयुष्यात असतं काय हो? कणीक, पाणी आणि घासायची राख.

माझा जन्म भंडाऱ्याचा, १९९९ सालच्या उन्हाळ्याआधीचा. भंडाऱ्याच्या पितळेला नाव आहे. मी काही फुशारकी मारत नाही, पण आहे ते आहे. पत्रा तापवून, ठोकून, पुन्हा तापवून कासारानं मला गोल केलं. ठोके खाल्ल्याशिवाय परात होत नाही, तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिथून मी गोंदियाच्या बाजारात एका भांड्याच्या दुकानात आले आणि वरच्या फळीवर उभी राहिले.

चैत्र संपता संपता चंद्रावतीबाई आपल्या मुलीला घेऊन दुकानात आल्या. त्या सालेकसाकडच्या एका खेड्यातल्या. नवरा नव्हता, रेणू ही एकुलती एक लेक. तीन उन्हाळे तेंदूपत्ता तोडून त्यांनी लेकीच्या आंदणासाठी पैसे मागे टाकले होते. आमच्याकडे लग्नात नवरा-नवरीचे पाय धुतात. पायांखाली जी परात ठेवतात, ती माहेरची असते आणि पुढे मुलीबरोबर सासरी जाते. तिच्यावर नाव टाकायची रीत आहे. नाव नसलेली परात आंदणात दिली तर चार बाया नाक मुरडतात.

दुकानाच्या पायरीवर नाव टाकणारा एक म्हातारा बसायचा. हातात छोटी छेनी, छोटी हातोडी. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. दुकानदार कागदावर लिहून द्यायचा आणि म्हातारा ते हुबेहूब पितळेवर उतरवायचा. त्या दिवशी दुकानदार जेवायला गेला होता.

म्हातारा म्हणाला, "बिटिया, तू ही लिख दे खडू से. जैसा लिखेगी, वैसाच उतारूँगा."

रेणू दहावी झालेली होती. त्यांच्या घरात लिहिता येणारी पहिलीच. तिनं मला मांडीवर घेतलं. पितळेवर खडू धड उमटेना. तिनं दोनदा पदरानं पुसलं आणि तिसऱ्यांदा दाबून लिहिलं: 'रेणूला, तिच्या आईकडून.'

"काय लिवलं वो माय?" चंद्रावतीबाईंनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

रेणूनं वाचून दाखवलं.

"बस, एवढंच? लोकं तं चिरंजीव, सौभाग्यकांक्षिणी, कायकाय लिवते."

"ते सगळे लिवते ना आई. मी माह्या मनाचं लिवलं."

चंद्रावतीबाई हसल्या. मग म्हाताऱ्यानं छेनी लावली. मित्रांनो, छेनी लागली की दुखतं. पण रेणू समोर बसून एकेका अक्षराकडे बघत होती, म्हणून मी सोसलं.

लग्न झालं. माझ्यात रेणूचे पाय धुतले गेले आणि मी तिच्याबरोबर मुर्रीला तिच्या सासरी आले. मुर्री म्हणजे गोंदियाला लागूनच. तिथले दिवस माझे खरे कामाचे दिवस. सकाळी कणीक, दुपारी तांदूळ निवडणं, सणाला अनारशाचं पीठ. २००० साली रिंकी झाली, तेव्हा तिची आंघोळ माझ्यातच व्हायची. रेणू पाय पसरून बसायची, मला पायांशी ठेवायची आणि पोरीला पाणी घालायची. पोरगी भोकाड पसरायची. सासू म्हणायची, "परात फोडते का काय तुही पोरगी!" घरभर हसू व्हायचं. मी त्या घरात फार सुखात होते.

रिंकीला दोन वर्षं झाली त्या वर्षी, भादव्यात, रेणूला ताप चढला. भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, आटोपला होता, घरात सगळेच थकलेले होते, कोणी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. पाचव्या दिवशी ती गेली. तेवीस वर्षांची होती हो. मी चुलीजवळ पालथी पडले होते आणि तेरवीपर्यंत कोणी मला सरळ केलं नाही.

तिच्या मागं राहिलं तरी काय? लग्नातला एक फोटो. त्यात बाशिंगामागं अर्धं तोंड झाकलेलं. शाळेच्या वह्या माहेरी होत्या, त्या वाळवीनं खाल्ल्या. साड्या वाटून टाकल्या. तिच्या हातचं असं जगात एकच उरलं होतं आणि ते माझ्या काठावर होतं. पण हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

पुढच्या वर्षी त्या घरात ओमेश्वरी आली, रेणूच्या नवऱ्याची दुसरी बायको. ओमेश्वरी वाईट नव्हती. हे मी मुद्दाम सांगते, कारण गोष्टीत सावत्र आई आली की तुम्ही लगेच तोंड वाकडं करता. ती रिंकीला जवळ घेऊन निजायची. तिच्या केसांना तेल लावायची, दप्तर भरून द्यायची. फक्त मला हात लावायला ती भ्यायची. कणीक मळताना नावावर तिचा हात जायचा आणि ती हात मागं घ्यायची. सवतीचं नाव. मेलेल्या सवतीचं. गावाकडं या गोष्टीचं भेव किती असतं, ते तुम्हाला कसं सांगू?

तिला मुलगा झाला. तो सारखा दुखणाईत. आज खोकला, उद्या ताप. आयाबाया बोलायला टपलेल्याच असतात. "सवतीच्या नावाचं भांडं घरात वापरून राहिली, लेकरू दुखणार नाही तं काय होईल?" झालं! मला माळ्यावर टाकलं. तिथं मी चार वर्षं होते, एका मोडक्या पंख्याशेजारी. अंगावर हिरवट डाग धरले. उंदीर माझ्यात येऊन बसायचे. तरी पोराचा ताप काही थांबेना.

मग कोणीतरी तिला सांगितलं, "असं भांडं विकू नोको, मोडीत बी घालू नोको. पाप लागते. दान देऊन टाक, मंग तिचा जीव सुटते."

अशी मी २००८ साली आसरा भांडारात आले. ओमेश्वरीनं मला चादरीत बांधून सायकलवर आणलं. जाताना तिनं मला दोन्ही हात जोडले. त्या वेळी रिंकी शाळेत होती. तिला कोणी विचारलं नाही. आठ वर्षांच्या पोरीला परातीबद्दल काय विचारायचं, असंच सगळ्यांना वाटलं असेल.

आता दुकानाबद्दल सांगते. हे दुकान देवकाबाईंचं. म्हणजे तसं एका सेवाभावी मंडळाचं, पण चालवतात त्याच. दवाखान्यात नर्स होत्या, तिथून निवृत्त झाल्या. खेड्यापाड्यांतून पेशंट येतात, त्यांची माणसं बाहेर उपाशी बसून राहतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. म्हणून त्यांनी हे उघडलं. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू इथं स्वस्तात विकायच्या आणि त्यातून त्या माणसांना जेवण द्यायचं. एका बाजूला कपडे आणि भांडी. मधे जुनी पुस्तकं, लाकडी रॅकवर. दाराजवळ चहा-पोह्यांचं काउंटर आणि चार बाकं. पावसाळ्यात भिंतींतून अजून कोंड्याचा वास येतो.

पुस्तकांकडे लोक उभ्या उभ्या तासभर वाचत राहतात. हिंदी कादंबऱ्या, दहावीची गाईडं, पोथ्या, इंजिनिअरिंगची जाडजूड पुस्तकं. प्रत्येकावर कोणाचं ना कोणाचं नाव. खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं, खाली दुसऱ्याचं. कोणी रबर घेऊन नाव खोडायला लागलं की देवकाबाई म्हणायच्या, "राहू दे रे बाबा. नावानं पुस्तक खराब होते का?"

भांड्यांचं मात्र तसं नाही. वर्षभर मी रॅकवर पडून होते. बाया यायच्या, मला उचलायच्या, बोटाच्या पेरानं वाजवून बघायच्या. "भारी हाये वो परात!" मग काठ वाचायच्या आणि मला खाली ठेवायच्या. "दुसऱ्याच्या लेकीचं आंदण होय हे. आपल्या घरी कायले न्यायचं?" एकीनं तर हात झटकले. माझ्या मागून आलेले डबे गेले, कढया गेल्या, झाकण नसलेला कुकरसुद्धा गेला. मी तिथंच.

देवकाबाईंना माझी दया आली. दया वाईट नसते, मित्रांनो. पण दया करणारा घाईत असला की तो विचारत नाही. त्यांनी मुन्नाला बोलावलं. हा मुन्ना घरोघरी जाऊन भांड्यांना पॉलिश करायचा. त्याच्याकडे विजेवर फिरणारं चाक होतं.

"मौसी, एकदम सोना बना दूँगा," तो म्हणाला. "ये नाम भी उड़ा दूँ क्या?"

देवकाबाई कपड्यांचं गाठोडं सोडत होत्या. त्यांनी वर बघितलंही नाही. "उडव बाबा. त्या नावापायीच पडून राहिली बिचारी."

पाच मिनिटं लागली. चाक फिरलं, पितळेची पिवळी भुकटी उडाली, मुन्नानं फुंकर मारली. नाव टाकताना मला दुखलं होतं. पुसताना काहीच दुखलं नाही.

मी इतकी चमकायला लागले की देवकाबाईंनी मला विकलंच नाही. "हे आपल्या पोह्यालेच ठेवू," म्हणाल्या. तेव्हापासून मी काउंटरवर. येणारा जाणारा म्हणायचा, काय परात आहे हो! खोटं कशाला बोलू, मला ती तारीफ फार आवडायची. गरम पोहे, वर शेव, भोवती माणसांचा घोळका. चार वर्षं माळ्यावर काढलेल्या भांड्याला आणखी काय हवं? रेणू मला आठवायची. पण रोज नाही. हे सांगताना मला लाज वाटते.

२०१२ चा जून महिना. शाळा सुरू व्हायला दोन-चार दिवस होते. सकाळी ओमेश्वरी दुकानात आली, तिच्याबरोबर बारा वर्षांची मुलगी. मी तिला ओळखलं. पाण्याखाली भोकाड पसरणारं तोंड मोठं झालं तरी ओळखू येतं. रिंकी होती ती.

ती सरळ भांड्यांच्या रॅककडे गेली आणि एकेक परात उचलून, उलटीपालटी करून तिचा काठ बघायला लागली. स्टीलच्या, जर्मनच्या, सगळ्या. देवकाबाई बघत राहिल्या.

"काय शोधून राहिली वो बेटा?"

रिंकी लाजली. ओमेश्वरी पुढं झाली. "बाई, चार वर्षांआधी मीनं एक पितळी परात देली होती. नाव होतं तिच्यावर."

"तेच्यावर माह्या आईनं लिवलं होतं," रिंकी म्हणाली. "स्वतःच्या हातानं. सुट्टीत मी सालेकसाकडं आजीकडं गेली होती, तं आजीनं सांगतलं. माह्याजवळ आईचं काहीच नाही. फोटोत बी तोंड नीट नाही दिसत. मले फक्त तिचं अक्षर पाह्याचं आहे. परात नाही देली तरी चालते, मी वहीत उतरून घेतो."

तिनं पिशवीतून खरंच वही काढली. नवी होती. पेन्सिलला टोकही करून आणलं होतं.

देवकाबाईंच्या हातात पोह्यांचा झारा होता. तो तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं आठवलं, ते मी बघितलं. त्या क्षणी त्यांना खोटं बोलता आलं असतं. विकली गेली म्हणाल्या असत्या, तर पोरीला निदान वाटत राहिलं असतं की कुठल्यातरी घरात ते नाव आहे. पण देवकाबाई जन्मभर दवाखान्यात राहिलेल्या. वाईट बातमी लपवायची नाही, ही त्यांची सवय.

त्यांनी माझ्यातले पोहे गंजात काढले. मला धुतलं, पदरानं पुसलं आणि रिंकीपुढं बाकावर ठेवलं.

"हेच होय बेटा ती. पन नाव नाही आता. मीनंच पॉलिश करवून घेतली. कोनी घेत नव्हतं म्हणून... मले नव्हतं मालूम, माय."

रिंकीनं मला दाराशी, उजेडात नेलं. काठ तिरका करून बघितला. मग डोळे मिटून बोटं फिरवली. एकदा, दोनदा, पूर्ण गोल. मुन्नाचं काम चोख होतं. कुठं एक रेघ उरली नव्हती.

ओमेश्वरी रडायला लागली. "माहीच चूक होय. मीनं तुले विचारलं नाही."

"तुम्ही रडू नोका ना आई," रिंकी म्हणाली. ती देवकाबाईंकडे वळली. "आजी, तुम्ही तं वाचलं होतं ना ते?"

"हो बेटा, वाचलं होतं."

"मंग सांगा ना, कसं होतं? मोठं होतं का बारीक? तिरपं होतं का सरळ? तुम्ही सांगा, मी तसं लिवून पाहतो."

देवकाबाईंनी चष्मा काढला. खूप वेळ त्या आठवत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते. शेवटी म्हणाल्या, "नाव वाचलं मी. रेणू, आईकडून, असं होतं. पन अक्षराकडं... अक्षराकडं नाही पाह्यलं बेटा."

रिंकीनं ओमेश्वरीकडे पाहिलं.

"मीनं तं भेवानं कधी धड पाह्यलंच नाही," ओमेश्वरी म्हणाली.

"बाबाले बी विचारलं. बाबा म्हणते, आता नाही आठवत. माह्या आजीले वाचता येत नाही. ते म्हणते, चांगलं होतं. चांगलं म्हणजे कसं?"

पुस्तकांजवळचे लोकही थांबून ऐकत होते.

मित्रांनो, मला माहीत होतं. मला सगळं माहीत होतं! अक्षरं बोटाच्या पेराएवढी होती. थोडी उजवीकडे झुकलेली. 'रेणूला' मधला 'ला' तिनं जरा लांब ओढला होता. 'आई' सगळ्यांत मोठं काढलं होतं, कारण लिहिताना तिनं मान वर करून आईकडे बघितलं आणि हात पुढं सरकला. वरची रेघ तिनं शेवटी एका दमात मारली आणि माझा काठ गोल असल्यामुळे ती टोकाला उचलली गेली. हे मी सांगू शकले असते, तर त्या पोरीनं वहीत उतरवून घेतलं असतं. पण परातीला आवाज येतो तो फक्त कोणी वाजवल्यावर नाहीतर खाली पडल्यावर, आणि त्यात शब्द नसतात.

"घेऊन जा बेटा," देवकाबाई म्हणाल्या. "तुहीच आहे हे. तुह्या मायनं तुले यातच आंघोळ घातली असन."

रिंकीनं मला उचललं. मला वाटलं, नेते आता. पण तिनं मला काउंटरवर, होते तिथंच ठेवलं.

"नोको आजी. तुम्हाले पोह्याले लागते. आता ते कोनाचीबी परात होय."

तिनं वही पिशवीत टाकली आणि दोघी बाहेर पडल्या. देवकाबाई दारापर्यंत गेल्या. त्या दिवशी त्यांनी पोहे विकले नाहीत. संध्याकाळी मुन्ना नेहमीसारखा चहाला आला तेव्हा त्यालाही त्यांनी विचारलं, कसं होतं रे ते अक्षर? तो बिचारा गोंधळला. "मौसी, मेरे को पढ़ना कहाँ आता है?"

आता देवकाबाई दुकानात आलेल्या प्रत्येक भांड्यावरचं नाव आणणाऱ्यासमोर मोठ्यानं वाचतात आणि विचारतात, "हे कोन होय? त्यांच्या लेकराबाळाइले विचारलं का?" काही लोक चिडतात. "बाई, दान द्यायला आलो तर चौकशी कसली?" म्हणतात. देवकाबाई ऐकून घेतात आणि पुन्हा विचारतात. नाव पुसायला त्या आता कोणालाच देत नाहीत. मग नावाची भांडी तशीच रॅकवर पडून राहतात. राहू देत.

मित्रांनो, मी काही शहाणी नाही. कणीक मळायला जन्मलेली परात मी. पण तुमच्या घरातलं जुनं काही द्यायला काढाल, तेव्हा ते आधी हातात घेऊन नीट बघा. नाव असेल तर वाचा, अक्षर कसं आहे तेही बघा आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसालाही विचारा. तुम्हाला ती अडगळ वाटत असेल. त्याला काय वाटतं, ते तुम्हाला ठाऊक नसतं. दान द्या, जरूर द्या, इथली माणसं त्यावर जेवतात. फक्त विचारून द्या.

लोक अजून म्हणतात, काय चमकते हो परात! पूर्वी मला बरं वाटायचं. आता नाही वाटत. रिंकी पुन्हा आली नाही. आली तरी माझ्याजवळ तिला द्यायला काही नाही.